हिरवी खूण

अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत गुलाबी बोंडअळीचे पतंग दुहेरी दारांआड, जाळीच्या पिंजऱ्यांत असायचे. स्वानंदने आणि मी त्यांच्यात एक जनुक बसवलं होतं. साधं जनुक साधारण अर्ध्या पिल्लांत उतरतं. हे सगळ्यांत उतरायचं, पिढी दर पिढी. खूण एवढीच, की निळ्या दिव्याखाली त्या पतंगांचे डोळे हिरवे चमकत. बाकी त्याने काहीच होत नव्हतं. अळी संपवणारं जनुक पुढे कधीतरी, परवानगी मिळाली तर, त्याच्यासोबत जोडायचं होतं.

"आणि हेच कोणी मधमाशीत घातलं तर?" स्वानंद म्हणायचा. "खिशातून एक डबी नेली की झालं. परत बोलावता येत नाही, जुईली."

म्हणून आम्ही एकही पतंग बाहेर जाऊ दिला नव्हता.

ऑक्टोबरात रानातले पतंग धरायला आम्ही बार्शीटाकळीजवळ रुख्मिणीबाईंच्या कपाशीच्या शेतात गेलो. दिवस मावळला होता. काळ्या जमिनीतून दिवसभराची ऊब वर येत होती. निळा दिवा पिशवीत होता, म्हणून मी सहज लावला.

पऱ्हाटीच्या पानांखाली हिरवे ठिपके उमटले. या झाडावर, त्या झाडावर, थेट पलीकडच्या धुऱ्याच्या बांधापर्यंत.

"मॅडम, पाखराईचे डोये कावून चमकून राह्यले?" रुख्मिणीबाईंनी हळूच विचारलं.

ते इतकं सुंदर होतं की भीती मागाहून आली.

परतताना स्वानंद गाडी चालवत होता.

"तू नाही ना सोडलेस?" त्याने विचारलं.

"नाही. तू?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मी विश्वास ठेवला, पण पुरता नाही.

तपासणीत ते जनुक अक्षर न अक्षर आमचंच निघालं. आम्ही वरिष्ठांना कळवलं, चौकशी बसली. पिंजरे शाबूत होते, दारं शाबूत होती. एकच शक्यता उरली: ही चमक रानात आधीपासूनच असेल का? जुने पतंग पाहायला आम्ही अमरावतीला खुशालरावांकडे गेलो. आम्हा दोघांचे ते गुरुजी. जन्मभर धरलेले पतंग त्यांनी टाचण्यांवर टोचून, काचेच्या पेटीत वर्षवार लावले होते.

"खालची रांग माह्या निवृत्तीच्या वर्षाची," पडदे ओढत ते म्हणाले. "वर जाल तसं मागं जाल."

खोलीत डांबरगोळ्यांचा वास होता. मी दिवा लावून पेटीशेजारी ठेवला.

खालची रांग हिरवी होती. तिच्यावरचीही. तिच्याही वरची. तशाच आणखी कितीतरी.

"तेव्हा आपण शाळेत होतो," स्वानंद पुटपुटला. त्याच्यावरचा माझा संशय तिथेच विरला.

पेटीच्या मध्यावर चमक थांबली होती. त्यावरचे सगळे डोळे कोरडे, काळे.

खुशालरावांनी त्या पहिल्या काळ्या रांगेवर बोट ठेवलं. "या वर्षी तुमी दोघंही जन्मले नव्हते, पोरी."

जनुक पुढच्या पिढीत जातं. मागच्या पिढीत जायला त्याला वाट नसते. आणि मेलेल्यांत तर नाहीच.

माझे हात आपोआप जोडले गेले होते.

काचेआड काहीच हललं नाही.

त्या काळ्या रांगेच्या एका टोकाला, हळूहळू, दोन डोळे उजळले.

मग शेजारचे दोन.