उठा म्हणेपर्यंत

रविवारी दुपारी मी एकटीच रुग्णालयात गेले. काम रोजच्यातलंच. विट्याजवळच्या आमच्या कर्करोग विभागातलं किरणांचं मशीन नुकतंच दुरुस्त झालं होतं. त्याची ऊर्जा बरोबर आहे असं मी लिहून दिल्याशिवाय सोमवारी एकाही पेशंटला टेबलावर घेता येणार नव्हतं. बत्तीस जण खोळंबले होते. रविवार बुडाला याचं मला काही नव्हतं. या गावात मला बोलायला कुणी नाही, मशीनशीच काय ते बोलते मी. लाइट गेली की तेही रुसतं.

टेबलावर प्लास्टिकच्या जाड फळ्या रचल्या, मधे किरण मोजणारी नळी सरकवली. आत कुणी राहिलं नाही ना, हे पाहून जड दार लावलं आणि बाहेरून किरण सोडले.

आकडा निम्म्याहून कमी आला.

फळ्या मोजल्या, नळी बदलली. पुन्हा तेच. ऊर्जा घसरली तरी इतकी घसरत नाही. किरणांच्या वाटेत माणसाच्या छातीएवढं काही आडवं असलं तरच असा आकडा येतो. कॅमेऱ्यात तर फळ्यांशिवाय काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात इंटरकॉमवर श्वास ऐकू आला. संथ, घरघरता. मी तो लगेच ओळखला.

आप्पासो. आटपाडीकडचे मेंढपाळ. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा उपचार चालू असतानाच मशीन बंद पडलं. या टेबलावर झोपणाऱ्या प्रत्येकाला सांगते तेच मी माइकवरून म्हटलं, "अजिबात हलायचं नाही. मी उठा म्हणेपर्यंत."

"व्हय बाई. तुमी सांगस्तवर हलत न्हाई."

आणि उठा म्हणायचं विसरून मी इंजिनिअरला फोन लावत बसले. वीस मिनिटं! दार उघडलं तेव्हा ते गेलेले होते. हात डोक्याच्या वर, मी ठेवले होते तसेच. सगळे म्हणाले, तुमची काय चूक? माझीच होती.

मी माइकचं बटण दाबलं.

"आप्पासो... झालं. उठा आता."

आत टेबल करकरलं. श्वास थांबला. मी पुन्हा किरण सोडले. आकडा अगदी बरोबर आला. मला रडू आवरेना.

मग इंटरकॉम खरखरला.

"उठलो, बाई... पर माज्याआदी गेलेली ही बाकीची मानसं इचारत्यात... आमी कवा उठायचं?"