मोरीत ठेवलेला शर्ट

ए चष्मेवाल्या, कुठे निघालास असा? घरी? हे कपडे घालून? बस खाली. धुळीच्या पिशव्या नेणारी गाडी आल्याशिवाय कुणी हलायचं नाही, आणि कपडे बदलल्याशिवाय तर नाहीच नाही. काय म्हणालास, बायको धुईल? बरं. मग एक गोष्ट ऐकून जा. भुताची म्हण, नाहीतर तुला काय म्हणायचं ते म्हण. मी ज्याच्याकडून ऐकली तो माणूस आयुष्यात कधी थापा मारणारा नव्हता. आणि तो दिवा तिकडे फिरवा रे, डोळ्यांवर येतोय.

आमच्या टोळीत एक म्हातारा होता, त्याला सगळे भिजवमामा म्हणायचे. का, तर छपराचा पत्रा असो की पाइपावरचं वेष्टण, ॲस्बेस्टॉस दिसलं की मामा ओरडलेच, आधी भिजव! सुकं तोडलं की धूळ उडते. डोळ्याला दिसत नाही, छातीत जाऊन बसते आणि कित्येक वर्षांनी डोकं वर काढते. हे तुम्हालाही ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, तुम्ही तेव्हा झोपा काढत होतात ती गोष्ट वेगळी. खोली प्लास्टिकने बंद करायची, तोंडाला मास्क, अंगावर पांढरा डगला, निघताना अंघोळ, आणि जे जे धुळीने माखलं ते दुहेरी पिशवीत सीलबंद. मामांचा यातला एक नियम चुकायचा नाही. पोरं म्हणायची, मामा चहासुद्धा भिजवून पितात. मामाही हसायचे. डोकं हे एवढं मोठं होतं त्यांचं, हेल्मेट खास मागवावं लागायचं, मास्कचे पट्टे शेवटपर्यंत सैल केले तरी कानामागे रुतायचे.

पण त्या काटेकोरपणाला कारण होतं. मामांच्या तरुणपणी यातलं काहीच नव्हतं. अंगावरच्या कपड्यांनिशीच पत्रे फोडायचे आणि तसंच घरी जायचं. मामी ते कपडे मागच्या मोरीत न्यायच्या, आधी चांगले झटकायच्या आणि मग धुवायच्या. वर्षानुवर्षं. मामांना काही झालं नाही. मामी खोकायला लागल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघितला आणि विचारलं, या बाई कुठल्या कारखान्यात होत्या? मामा म्हणाले, ही कधी घराबाहेर कामाला गेलीच नाही. मामी चणीने लहान, शेवटी तर अगदी मूठभर राहिल्या होत्या. दीड वर्षात गेल्या.

मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, मागे मोरी आणि मामा. सुट्टीच्या दिवशी मामा कंटाळून कामावर येऊन बसायचे, बंद गेटपाशी, वॉचमनशी गप्पा मारत. घरी भिंतींशी किती बोलणार माणूस!

तर डिसेंबरातला दुसरा शनिवार. एका जुन्या शाळेच्या तळघरात पाइपांचं काम चाललं होतं. मामांचा डगला एका खिळ्याला अडकला आणि खांद्यापासून कमरेपर्यंत टरकन फाटला. आतला निळा शर्ट धुळीने पांढरा झाला. नियम सरळ आहे, शर्ट पिशवीत आणि पिशवी गाडीत. पण तो शर्ट मामींनी नीट केलेला होता. कॉलर विरली होती, ती उसवून, उलटी करून, आजारपणात बिछान्यावर बसून शिवलेली. मामींच्या हातचं तेवढंच उरलं होतं घरात. मामांनी शर्ट पिशवीत घातला, गाठ मारली आणि ती पिशवी कचऱ्यात न टाकता आपल्या थैलीत सरकवली. विचार केला, सकाळी उजेडात, मास्क लावून, बादलीत बुडवून हलक्या हाताने धुऊ. आयुष्यात एकदाच मोडला त्यांनी नियम.

घरी येऊन पिशवी मोरीत ठेवली. दाराला बाहेरून कडी लावली. धुऊन पुसलेला मास्क सकाळसाठी टेबलावर ठेवला, जेवले, झोपले.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली. मोरीत प्लास्टिक वाजत होतं. उंदीर असेल, म्हणून मामांनी कूस बदलली.

मग आवाज आला. फट्.

मामा उठून बसले.

फट्... फट्...

कपडा झटकल्याचा आवाज. आणि पाठोपाठ खोकला. कोरडा. दोनदा, मग जरा थांबून एकदा. दीड वर्ष शेजारी झोपून ऐकलेला खोकला होता तो. ओळखायला चूक होणार नव्हती.

मला त्यांनी खरं काय ते सांगितलं. म्हणाले, आधी भीती वाटलीच नाही, आधी बरं वाटलं. घरात कुणीतरी आहे... इतक्या वर्षांनी कुणीतरी आहे. अंधारात तसेच ऐकत बसले.

फट्.

पुन्हा खोकला. या वेळी लांबला. थांबेना.

मामा उठले. मास्क उचलला. दाराशी गेले. खालच्या फटीत उजेड नव्हता. कडी... होती तशीच. बाहेरून लावलेली.

आतला आवाज थांबला.

दारापलीकडे कुणीतरी ऐकत होतं.

मामा दाराजवळ वाकले. झटकल्याने काय होतं हे तेव्हा माहीत असतं तर सांगितलं असतं ना... तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "झटकू नकोस. आधी भिजव."

आतून नुसता श्वास. घरघरणारा.

मामांनी कडी काढली. दार वीतभर उघडलं. आत बघितलं नाही. मान फिरवून मास्क आत धरला.

वाट बघितली...

बोटांना बोटं लागली. ओली. गार.

मास्क गेला.

मग नळ सुरू झाला. पाणी बादलीत पडत राहिलं, पडत राहिलं. खोकला मात्र पुन्हा आला नाही. मामा दाराला पाठ लावून बसले ते उजाडेपर्यंत.

सकाळी मोरीत कुणी नव्हतं. शर्ट दोरीवर वाळत होता, उलटा करून, कॉलर खाली घेऊन. मामी तसाच वाळत घालायच्या. मास्क बादलीशेजारी ठेवलेला.

सोमवारी मामांनी शर्ट आणि मास्क एका पिशवीत घालून, मी टोळीचा मुकादम म्हणून, माझ्यापुढे ठेवले आणि हे सगळं सांगितलं. मी आधी झापलं. नियम मोडला म्हणून झापलंच. मग समजूत घातली, की मामा, एकट्या माणसाला रात्री असं होतं, झोपेत तुम्हीच धुतला असेल. माझी जीभ तर तुम्हाला माहीत आहेच. म्हटलं, मग आता रोज नेणार का कपडे घरी?

मामांनी पिशवीची गाठ तपासली.

"वाटतं रे," म्हणाले. "रोज वाटतं. पण तिला खोकला येतो ना."

आणि शर्ट देऊन टाकला. तो कॉलरवाला शर्ट! म्हणाले, कर सीलबंद, आणि हात धुवायला निघून गेले.

मी दुसरी पिशवी चढवायला घेतली, तेव्हा मास्क नीट दिसला. पट्टे मागे घट्ट ओढून दोन्हीकडून गाठी मारलेल्या होत्या, बारीक बारीक. मामांच्या सोडा, माझ्याही डोक्याला तो बसला नसता. एखाद्या लहानखुऱ्या बाईला बसला असता.

शनिवारची रात्र उलटून आता सोमवारची दुपार झाली होती. शर्ट वाळून खडखडीत झालेला. मास्कही बाहेरून कोरडा. आतून मात्र ओला होता, नुकताच कुणीतरी तोंडावरून काढून ठेवावा तसा.