मुबारक तारवाची झुंज

सूर्य अजून डोंगरामागे होता. परंतु भैरवदुर्गाच्या दर्यादरवाजावरचे निशाण पहाटवाऱ्याने फडफडू लागले होते, आणि तटाखाली फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे, पावसाळा सरल्यापासून खाडीचे तोंड अडवून बसलेली फिरंग्यांची दोन जंगी जहाजे धुक्यातून हळूहळू आकार घेत होती. गडावरचे भात सरत आले होते. आरमारातल्या बहुतेक गुराबा, म्हणजे डोलकाठ्यांची लढाऊ जहाजे, गेल्या झुंजीत बुडाल्या होत्या. उरली होती ती एकटी 'काळभैरव', आणि तिचे सरदार रायाजी सुर्वे.

म्हणूनच सुभेदार विसाजीपंतांनी खाडीत अडकून पडलेले एक व्यापारी तारू लढाईस घेतले. त्याचे नाव 'मुबारक'. मस्कतेस तांदूळ आणि काथ्या वाहणारे, पोटाने फुगीर, चालीने मंद. सुतारांनी त्याच्या कुशी कापून तोफांसाठी झरोके पाडले आणि ते दिसू नयेत म्हणून त्यांवर बाहेरून काथ्याच्या गुंडाळ्या टांगल्या. तारवाचा मालक हसन नाखवा यालाच पंतांनी त्यावर सरदारी दिली, आणि भर सदरेत स्वतःच्या हातांनी त्याच्या खांद्यावर शेला घातला.

तो शेला रायाजींच्या काळजात रुतला. उभी हयात त्यांनी आरमारात काढली होती, अंगावर जखमा मिरवल्या होत्या. पण त्यांची मानाची वस्त्रे नेहमी कारकुनाच्या हातून आली होती. आणि हा काथ्या विकणारा माणूस! 'मुबारक'ला तोफा देण्याचा हुकूम झाला, तेव्हा रायाजींनी सर्वांत जुन्या, गंजलेल्या तोफा निवडून दिल्या. हसनने त्या पाहिल्या, नळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "चालतील, रायाजीराव. ह्यांनी लढाया पाहिल्यात. मी कुठं पाहिल्यात?"

त्या नम्रतेनेही रायाजींचे अंग जळाले.

मसलत अशी ठरली होती : माल घेऊन पळणारे तारू असे सोंग करून 'मुबारक'ने बाहेर पडावे, फिरंग्यांना लुटीच्या लोभाने उत्तरेकडच्या कासवखडकापर्यंत ओढावे, आणि डोलकाठीवर पिवळे निशाण चढताच खाडीच्या वळणात दबा धरून बसलेल्या 'काळभैरव'ने त्यांच्या पाठीवर तुटून पडावे.

ओहोटी लागली आणि 'मुबारक' निघाले. फिरंग्यांनी नांगर उचलले. मोठे जहाज पुढे, धाकटे मागे, अशी दोन्ही त्याच्या पाठीस लागली. आणि खडक जवळ येताच काथ्याच्या गुंडाळ्या धडाधड समुद्रात पडल्या, जुन्या तोफा गर्जल्या, पिवळे निशाण वर चढले.

"सरकार, निशाण!" गुराबेवरच्या खलाशांचा तांडेल सुभानजी ओरडला.

"दिसतंय मला."

"मग नांगर उचलायचा हुकूम व्हावा."

"थांब. वारा नीट लागू दे."

वारा नीटच होता. सुभानजीने एकदा शिडाकडे, एकदा धन्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्याला उमगले. समोर 'मुबारक'ची डोलकाठी मोडून पडली, निशाण दिसेनासे झाले. आणि रायाजींच्या मनात, त्यांना स्वतःलाही भय वाटावे असा, एक गोड गारवा पसरला. आता पंतांना कळेल शेला कुणाला द्यायचा ते.

तेवढ्यात कुणीतरी उरलेल्या खुंटावर चढून ते निशाण पुन्हा बांधले.

सुभानजीने कुऱ्हाड उचलली आणि नांगराचा दोर तोडला. रायाजींचा हात तलवारीवर गेला. "तांडेल! हुकुमाशिवाय?"

"मान मारायची ती परतल्यावर मारा, सरकार. माणसं मरताहेत तिकडं!"

ओहोटीने गुराब बाहेर ओढली. मदत येत नाही असे पाहून हसनने तोवर सुकाणू गरकन फिरवले होते आणि आपले उभ्या जन्माचे तारू मोठ्या फिरंगी जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, घातले होते. वाऱ्याने दोघांना मिठीतच कासवखडकावर नेऊन आपटले, आणि लाकडे फुटण्याचा तो आवाज गडावरच्या बायकांनीही ऐकला. सुभानजीवर रायाजींची तलवार उपसलीच गेली नाही. पुढे ते लढले, आणि चांगले लढले. धाकटे जहाज दक्षिणेस पळाले, वेढा उठला. खडकावर छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या हसनला रायाजींच्याच माणसांनी दोर टाकून वर घेतले.

दुसऱ्या दिवशी सदर भरली. पंतांनी विचारले, "रायाजीराव, निशाण चढल्यावर इतका विलंब का?"

रायाजी उत्तर देणार तोच, हात झोळीत बांधलेला हसन पुढे झाला. "पंत, खाडीच्या वळणात डोंगराच्या आडोशाला वारा पडतो. त्यांचा काय इलाज? माझी माणसं ह्यांच्याच गुराबेनं पाण्यातून काढली."

रायाजींनी चमकून पाहिले. हसनच्या शांत डोळ्यांत सर्व काही होते. ओहोटीला वाऱ्याची गरज नसते हे त्या दर्यावर्द्याला ठाऊक होते.

पंतांचे समाधान झाले. ते उठले आणि दुसरा शेला घेऊन स्वतः रायाजींकडे आले. ज्या क्षणासाठी हा माणूस आयुष्यभर झुरला होता तो क्षण आला होता. पण तो हसनच्या पदरातून आला होता, त्याने दिलेली भीक म्हणून आला होता, आणि ते मात्र रायाजींना मरणाहून असह्य झाले.

"वारा होता, पंत," ते म्हणाले. "ओहोटीही होती. मीच निघालो नाही. नांगर सुभानजीनं तोडला."

हसनने मान खाली घातली.

रायाजींची तलवार काढून घेण्यात आली. 'काळभैरव' सुभानजीकडे गेली. जिवाची माफी मिळाली ती हसनच्या रदबदलीने, हेही रायाजींना सोसावे लागले. त्यांना किनाऱ्यावरच्या एका उजाड टेकडीवर चौकीस बसवले, जिथून समुद्र दिसे पण होडीही हाताशी नव्हती.

हसनने सरदारी नाकारली आणि नवे तारू बांधून पुन्हा मस्कतेची वाट धरली. टेकडीखालून जाताना तो दर खेपेस शीड अर्ध्यावर उतरवून चौकीला सलाम करी. रायाजींनी त्या सलामाला कधी उत्तर दिले नाही. परंतु चौकीतले शिपाई सांगत, की ते शीड क्षितिजाआड होईपर्यंत म्हातारा उन्हातून आत येत नसे.