दुसरं ताट

पटत नसेल तर वाचू नका. पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

वैशाख, १९६७. शिरपूरच्या पुढे सातपुड्यात, एका कोरड्या नाल्याच्या काठी.

आमचं दुकान नरडाण्याला. वडिलांचा तेंदूपानांचा व्यापार. तोडलेली पानं जंगलातच मोकळ्या जागेवर पसरून वाळवायची. त्या जागेला फड म्हणतात. फडाचा राखणदार तापाने पडला, म्हणून तीन दिवस मी एकट्याने राहायचं ठरलं. मी लखीचंद, वय सव्वीस आणि अंगात मस्ती.

आमचे जुने गाडीवान हिलाल नाना यांनी मला बैलगाडीतून उतरवलं. जाताना म्हणाले, "भाऊ, आठे एकला शे असं कोन्ले कळू देऊ नको. सांजले दोन ताटं वाढ. दुसरं ताट रातभर तसंच राहू दे."

"कोणासाठी?"

"इचारू नको."

मी इथे एकटा आहे हे कळू नये म्हणून दुसरं ताट! मला हसू आलं. तरी संध्याकाळी दोन ताटं वाढली. डाळ आणि बाट्या.

पण आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि ताटात कण टाकायचा नाही. रात्रभर उघड्या अन्नात किडामुंगी मरणार, ते पाप कोणाच्या माथी?

मी दुसरं ताटही जेवलो. धुऊन ते पाणीही प्यालो.

नाल्यापलीकडे कोणीतरी खाकरलं...

पाहिलं तर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. दुसरं ताट मांडीवर घेतलं होतं. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. एकाएकी पाखरं गप्प झाली.

फडावरची वाळलेली पानं वाजली...

चर्र... चर्र...

पावलं माझ्याकडे येत होती. पानं दबताना दिसत होती. माणूस दिसत नव्हता.

पावलं माझ्यासमोर थांबली. कोणीतरी मांडी घालून बसल्याचा आवाज आला.

शेवटचा घास माझ्या तोंडात होता.

तेवढ्यात अगदी जवळून...

"आज बी?"

त्या आवाजात भूक नव्हती, राग होता. मी रात्रभर कंदील धरून बसलो. आठ मैलांत गाव नव्हतं. गाडी येईपर्यंत जगायचं, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी उरलेल्या सगळ्या पिठाच्या बाट्या केल्या. सगळ्या दुसऱ्या ताटात ठेवल्या. हात जोडले.

सकाळी ताट जसंच्या तसं होतं.

एक मुंगीसुद्धा लागली नव्हती...

दुपारी गाडी आली. मुंगीही न लागलेलं ते ताट नानांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पहिली सांजले ताट रातभर ठेवं व्हतं ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

खोटं बोललो. शेटजींचा पोरगा दोन ताटं जेवला, हे गावभर झालं असतं. मला लाज वाटली.

गाडीतून अभिमन उतरला. आमच्याच गावचा शेतकरी, माझ्या जागी राहायला आलेला. मला सांगता आलं असतं. इथे थांबू नकोस, एवढं तरी.

मी फक्त म्हणालो, "दोन ताटं वाढ."

चौथ्या दिवशी नाना त्याला आणायला गेले. पहिलं ताट अर्धवट जेवलेलं. दुसरं वाढलेलं, जसंच्या तसं. ताटाशी वहाणा नीट जोडीने ठेवलेल्या.

अभिमन नव्हता.

पोलीस आले, जंगलखात्याची माणसं आली. नाला पालथा घातला. काही सापडलं नाही.

त्याची बायको कमलबाई दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. रडत नव्हती. "भाऊ, तुम्ही तेस्ले बठ्ठं सांगं व्हतं ना?"

"सगळं सांगितलं होतं," मी म्हणालो.

अभिमनने सांगितलेलं पाळलं. मोडलं होतं ते मी. मग त्याला का नेलं आणि मला का सोडलं, हे मला आजवर कळलेलं नाही. सोडलंय की नाही, हेही नाही.

कमलबाई आता थकल्यात. बाजारात दिसल्या की मी दुसऱ्या गल्लीने जातो.