आजच्या भावातला नफा

रविवारी सकाळी पोलीस ठाण्यातला फोन वाजला. पलीकडे मोहोपाड्याजवळच्या एका रसायन कारखान्याचा रखवालदार होता. त्याला धड बोलता येत नव्हतं.

"लवकर या. थंड खोलीत माणूस हाय. अजून श्वास चालू हाय."

सहायक पोलीस निरीक्षक मनाली रोकडे हवालदार गजाला घेऊन निघाली. मे महिना होता. सकाळीच कारखान्याचे पत्रे तापले होते, आणि त्या तापलेल्या आवारात एक माणूस थंडीनं निळा पडून स्ट्रेचरवर आडवा होता. हाताची बोटं आखडलेली, मुठी सोललेल्या.

ते सहदेव ठोंबरे. साठी उलटलेली, राहणार नेरळ. कंपनीच्या शेअरची रास्त किंमत काढून देणं हे त्यांचं काम. रुग्णवाहिका त्यांना घेऊन पनवेलला गेली. निघण्याआधी सोबतच्या डॉक्टरनं मनालीच्या प्रश्नावर नुसती मान हलवली होती. शुद्धीवर येतील की नाही, त्याला सांगता येत नव्हतं.

थंड खोलीचं दार वीतभर जाड होतं. आत रसायनाची निळी पिंपं एका भिंतीशी रचलेली. बाकीची अर्धी खोली रिकामी.

"दार उघडलं तेव्हा काय दिसलं?" मनालीनं रखवालदाराला विचारलं.

"रोज सकाळी उघडून बघतो मी. बाहेरनं कडी होती. दिवा बंद होता."

"दिव्याचं बटण कुठंय?"

"बाहेरच."

"आणि आतून उघडायला काही नाही?"

"दट्ट्या हाय, पण तुटलाय. लय दिवस झाले. कारखान्यातल्या सगळ्यांना ठावं हाय."

मनाली आत गेली. "गजाभाऊ, दार लावा. दिवाही घालवा."

दार लागलं. अंधार इतका घट्ट होता की स्वतःचा हात दिसेना. मोबाइलची रेंज गेली. गार हवा आधी कानांना झोंबली, मग दातांत शिरली. तिनं दारावर मूठ आपटली. पुन्हा आपटली. कुणी येणार आहे हे माहीत असूनही ती आपटतच राहिली. सहदेवना ते माहीत नव्हतं. ते रात्रभर इथं होते.

गजानं दार उघडलं. "मॅडम, कान लावून उभा होतो म्हणून थाप ऐकू आली. चार पावलं लांब असतो तर कळलंच नसतं."

हा अपघात नव्हता. कुणीतरी कडी घातली होती, दिवा घालवला होता आणि निघून गेलं होतं.

बातमी कळताच आलेला कंपनीचा मालक नवीन मोकल ऑफिसात बसला होता. चाळिशीचा, दमेकरी. बोलता बोलता तोंडात फवारा मारत होता.

"ठोंबरेंना कशाला बोलावलं होतं?"

"वडिलांनी कारखाना काढला तेव्हा नदीपलीकडच्या काही कुटुंबांनी जमिनी दिल्या. बदल्यात त्यांना शेअर मिळाले. ते शेअर बाजारात विकता येत नाहीत, घेणारा मी एकटाच. त्यांना विकायचेत, मला घ्यायचेत. भावावर जमेना, म्हणून दोघांच्या संमतीनं ठोंबरेंना नेमलं."

"तुमचा भाव काय होता?"

"गेल्या वर्षीच्या नफ्याच्या दसपट. दोन कोटी नफा, तर कंपनीची किंमत वीस कोटी. पण ठोंबरे म्हणाले, एका वर्षावर जायचं नाही, दहा वर्षांची सरासरी धरायची. एखादं वर्ष बरं असतं, एखादं वाईट."

"तुम्ही मान्य केलंत?"

नवीन हसला. "का नाही करणार? दहा वर्षांपूर्वी नफा होता दीड कोटी. तसली वर्षं धरली की सरासरी दोनच्या खालीच येणार. भाव उतरणार. फायदा माझाच."

"शनिवारी त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"पाहिलंच नाही. पुण्याला होतो मी. साखरपुडा होता घरातला."

"थंड खोलीत शेवटचं कधी गेलात?"

"वर्ष झालं असेल. गार हवेनं माझा दमा उसळतो. बघण्यासारखं तरी काय आहे? कच्च्या मालानं गच्च भरलीय. तो माल इतका महाग झालाय की सगळा पैसा तिथंच अडकतो."

शेजारच्या टेबलावर हिशेब बघणारी श्रद्धा बसली होती. पस्तिशीची, शांत बाई. तिच्या टेबलाच्या कडेला सहदेवचा मोबाइल चार्जरला लावलेला तसाच होता.

"महागाईनं नफा खाल्ला आमचा दोन वर्षांत," ती म्हणाली.

"तुम्ही शनिवारी कुठं होतात?"

"सकाळी इथंच. ठोंबरेसाहेबांना लागणारे आकडे दिले आणि जेवायच्या सुट्टीला घरी गेले. नंतर आलेच नाही. आमचं बोलणं झालं ते तेवढंच, सकाळचं. तेव्हा त्यांनी कामाला नुकती सुरुवात केली होती."

"कुणाशी भांडण झालं त्यांचं?"

श्रद्धानं खाली पाहिलं. "रत्नदीप आला होता. कुटुंबांच्या वतीनं तोच बोलतो. चिडला होता खूप."

रखवालदारानंही तेच सांगितलं. रत्नदीप गायकवाड ओरडत ऑफिसातून बाहेर पडला, पण फाटकाकडे न जाता मागच्या बाजूला वळला. मागच्या बाजूला थंड खोली होती. तो बाहेर कधी गेला ते रखवालदारानं पाहिलं नव्हतं.

गजानं रत्नदीपला नदीपलीकडच्या गावातून आणलं. तिशीचा उंच पोरगा, खालापूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

"भांडलो मी," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? सरासरी काढून आमचा गळा कापताय, असं बोललो त्यांना. जुनी वर्षं धरली तर भाव पडनार. हे तर शाळेतल्या पोराला बी कळंल."

"ते काय म्हणाले?"

"म्हनले, बस, समजावतो. मी नाय थांबलो."

"मागे कशाला गेलास?"

"नळावर तोंड धुवायला. मग मागच्या कुंपनातनं गेलो. आमी लहानपनापासनं तिथनंच जातो."

"कुणी पाहिलं?"

कुणी पाहिलं नव्हतं. भांडण होतं, कारण होतं, तो त्या जागेजवळ होता. मनालीला त्याला ठेवून घ्यावं लागलं. कोठडीचं दार लागताना त्यानं दोन्ही हातांनी गज धरले. "मॅडम, त्यांना शुद्ध नाय आली तर? मग मला कोन सोडवनार?"

मनालीनं गजाला नेरळचा पत्ता काढायला सांगितलं.

दुपारी ती नेरळला गेली. सहदेवची मुलगी जिजा पनवेलहून कपडे न्यायला घरी आली होती. डोळे सुजलेले, पण बोलणं नीट.

"बाबांचा फोन आला होता का शनिवारी?"

"जेवायच्या सुमाराला आला होता. खुशीत होते. म्हणाले, चित्र उलटं निघालं."

"उलटं म्हणजे?"

"मी विचारलं नाही. बाबा काम पुरं होईपर्यंत काही सांगत नाहीत. म्हणाले, अजून कुणाला बोललो नाही. कंपनीतल्या एकाच माणसाला आधी एक गोष्ट विचारायचीय."

"ते सरासरी कशी काढतात, माहीत आहे तुम्हाला?"

"लहानपणापासून ऐकतेय. जुना रुपया आणि आजचा रुपया एकत्र मिसळायचा नाही, असं सांगतात ते. दहा वर्षांपूर्वी शंभर रुपयांत जो बाजार यायचा त्याला आज एकशे साठ लागतात. म्हणून प्रत्येक वर्षाचा नफा आधी आजच्या भावात आणायचा, मग सरासरी."

मनालीनं मनातल्या मनात गुणाकार केला. दहा वर्षांपूर्वीचे दीड कोटी आजच्या भावात दोन कोटी चाळीस लाख होत होते. ठाण्यात परतून तिनं कंपनीचे दहा वर्षांचे आकडे मागवले आणि प्रत्येक वर्षाला तेच गणित लावून पाहिलं.

सोमवारी सकाळी ती ठाण्यात पोचली तेव्हा श्रद्धा बाकावर बसली होती. न बोलावता आली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"रत्नदीपला सोडा, मॅडम. तो असं करणार नाही. शाळेत एका वर्गात होतो आम्ही."

"कारण तर त्याच्याकडेच आहे. भाव पडणार म्हणून तो चिडला होता."

"पण भाव पडणार नव्हताच!" श्रद्धाचा आवाज चढला. "वाढणार होता. ठोंबरेसाहेबांनी हिशेब केला होता. त्याचं नुकसान नव्हतंच, मग तो कशाला कोंडेल त्यांना?"

मनालीनं मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. चला, कारखान्यात जाऊन मोकलांसमोर बोलू." निघताना तिनं गजाला बाजूला घेऊन पुढं पाठवलं.

नवीनच्या ऑफिसात तिघं बसले. मनालीनं दार लावून घेतलं. श्रद्धानं त्या दाराकडे एकदा वळून पाहिलं.

"मोकलसाहेब, सरासरीनं भाव उतरेल असं तुम्हाला वाटलं. रत्नदीपलाही तेच वाटलं. एक खूश, दुसरा संतापलेला, पण दोघांची चूक एकच. तुम्ही जुने रुपये तसेच धरलेत. ठोंबरेंनी ते आजच्या भावात आणले. तसे आणले की जवळजवळ सगळी जुनी वर्षं दोन कोटींच्या बरीच वर जातात. सरासरी वर जाते. कंपनीची किंमत वीस कोटींहून जास्त होते."

नवीनचा चेहरा उतरला. "मला हे कुणी सांगितलंच नाही."

"कुणालाच सांगितलं नव्हतं. शनिवारी दुपारपर्यंत ठोंबरे कुणाला बोलले नव्हते. फक्त एका माणसाशी बोलायचं होतं त्यांना. म्हणजे ज्याला भाव वाढणार हे माहीत आहे, तोच त्यांना दुपारनंतर भेटलाय." ती श्रद्धाकडे वळली. "तुम्ही म्हणालात, सकाळनंतर बोलणंच झालं नाही. सकाळी त्यांचं काम नुकतं सुरू झालं होतं. मग भाव वाढणार हे तुम्हाला कळलं कधी?"

श्रद्धानं पुन्हा दाराकडे पाहिलं.

"पण हिचं काय नुकसान?" नवीन म्हणाला. "हिच्याकडे एक शेअर नाही."

"म्हणूनच तिच्यावर कुणाचा संशय गेला नाही. नफा का घटला? महागाईमुळे, असं तुम्हाला दोन वर्षं सांगितलं गेलं. ठोंबरेंनी सगळी वर्षं एका भावात आणली आणि ते कारण टिकेना. आधीची आठ वर्षंही महागाई होतीच, तरी खरा नफा कधी घसरला नव्हता. शेवटच्या दोन वर्षांतच खड्डा का? तेच त्यांना विचारायचं होतं. हिशेब कोण बघतं? श्रद्धा. आणि खर्च वाढला कुठं? कच्च्या मालात."

"तो माल आहे ना खोलीत."

"नाही, साहेब. खोली अर्धी रिकामी आहे. तुम्ही दम्यामुळे जात नाही आणि ते तिला माहीत होतं. कागदावर आला म्हणून दाखवलेला बराच माल कधी आलाच नाही. ठोंबरे पिंपं बघायला गेले, ती सोबत गेली. आतला दट्ट्या तुटलाय हे कारखान्यातल्या माणसाला माहीत. रत्नदीप बाहेरचा."

गजा दारातून आत आला. "मॅडम, पिंपं मोजली. कागदावर आहेत त्याच्या निम्मीही नाहीत. आणि माल पुरवणारी कंपनी यांच्या नवऱ्याच्या नावावर आहे."

श्रद्धानं खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली.

"मोठं काही करायचं नव्हतं," श्रद्धा म्हणाली. "नवऱ्याचा धंदा बुडत होता. एकदाच म्हणून खोटं बिल लावलं. मग ते झाकायला दुसरं. थांबायला जागाच उरली नाही. साहेबांनी शेअर घेतले असते तर जुनी वर्षं कुणी पुन्हा उघडली नसती. ठोंबरेसाहेब ओरडले नाहीत माझ्यावर. पिंपांकडे बघून म्हणाले, बाळ, हे मला लिहावं लागेल. आणि पुन्हा मोजायला वाकले. मी बाहेर आले आणि दार लोटलं."

"दिवा का घालवलात?"

"चालू असला की बाहेरच्या बटणावर लाल ठिपका पेटतो. कुणी उघडलं असतं." तिनं ओठ दाबून धरले. "मी कान लावून उभी होते. ते वाजवत होते. कडीवर हात होता माझा. उघडलं तर मी संपले, नाही उघडलं तर ते. वाजायचं थांबल्यावर, आले होते तशीच मागच्या कुंपणातून घरी गेले."

नवीननं फवारा उचलला, पण तो तोंडाशी न्यायचं विसरला.

गुरुवारी सहदेवना शुद्ध आली. डाव्या हाताची दोन बोटं गेली, जीव राहिला. त्यांच्या जबाबातलं सगळं श्रद्धाच्या कबुलीशी जुळलं. महिन्याभरानं त्यांनी किंमत लिहून दिली. ती वाचून कुटुंबांनी ठरवलं, घाई नाही. शेअर न विकता स्वतःकडेच ठेवले.

पण त्याआधी, त्याच सोमवारी दुपारी, रत्नदीपला सोडलं. मनाली त्याच्यासोबत पायऱ्यांपर्यंत आली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि फाटकाशी त्याची आई उभी होती. तो तिच्याकडे गेला नाही, पायरीवरच थांबला.

"मॅडम, श्रद्धा माझ्यासाठीच आली होती ना इथं?"

"हो."

"गप बसली असती तर?"

"तर कदाचित आम्हाला काही कळलं नसतं. आणि तू आत असतास."

मागं वळून रत्नदीप महिला कोठडीच्या दिशेनं पाहत राहिला. आईनं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं पायऱ्या उतरला.