चोविसावं नाव

"बाहेर द्यायची तर यादीची नक्कल दे गं मोहिनी. मूळ यादी कुणाच्या हाती देऊ नको."

पहिल्या नोकरीत कोड लिहायला शिकवणाऱ्या रंगनाथ सरांचा हा आवाज दहा वर्षांपूर्वीचा. शिकाऊ मोहिनीनं तेव्हा नुसती मान डोलावली होती.

पुढचं खोटं वाटेल. पण मोहिनी माझी सख्खी मावसबहीण, आणि तिला असल्या गोष्टी रचता येत नाहीत. गेल्या माघातली गोष्ट. पंचवटीतलं तिचं ऑफिस. दुपारचे चार.

द्राक्षबागेत सुरगाण्याकडचे मजूर येतात. त्यांच्या हजेरीचं ॲप तिनं लिहिलेलं. जीप निघताना मुकादम सुनील आयपॅडवर बघून नावं पुकारायचा. त्याची आई भागीबाई दरवेळी ओरडायची, "हाय रं, मेले नाय अजून!"

सगळी जीप हसायची.

ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत मोहिनीनं ती यादी 'रीडओन्ली' केली होती. बाहेरच्यानं फक्त वाचायची. पण आतली बदलती यादीच तिनं तशीच बाहेर दिली. दारावर पाटी लावली, कडी लावली नाही.

पौषात एके दिवशी ॲपच्याच दुसऱ्या स्क्रीननं आपल्यापुरतं एक नाव गाळलं. मूळ यादीतूनच भागीबाईचं नाव गेलं.

यादीत नाव नाही म्हणून सुनीलला वाटलं, आई गावच्या जीपनं पुढं गेली. तो तेवीस माणसं घेऊन सिन्नरला निघाला.

ती तापानं फणफणून द्राक्षाच्या मांडवाखाली निजली होती. सकाळी सापडली... थंडगार.

मोहिनीनं गुपचूप कोड सुधारला. आता बाहेर नक्कलच जायची. विचारणाऱ्यांना तिनं सांगितलं, नेटवर्क.

महिन्यानं सुनीलचा फोन आला.

"मॅडम, आईचं नाव परत आलंय."

तिनं पाहिलं. आतल्या यादीत तेवीस. बाहेरच्या नकलेत...

चोवीस.

खिडकीखालचा भाजीबाजार एकाएकी गप्प झाला. पंखा फिरत होता. त्याचाही आवाज नव्हता.

"सुनीलभाऊ, ते नाव पुकारू नका."

"पुकारलं ना."

"मग?"

"मागच्या सीटवरनं आवाज आला... 'हाय रं.' पुढचं बोलली नाय."

मोहिनीला भीतीसुद्धा वाटेना. कीबोर्डवरची बोटं दुसऱ्याच कुणाची असावीत, तशी ती बघत राहिली.

"लोकं म्हनत्यात, सख्ख्या आईला मोजता नाय आलं तुला. खरं सांगा मॅडम... मीच चुकलो ना?"

फोनमध्ये कुणीतरी दमून श्वास सोडला. सुनीलचा नव्हता तो.

पुढं तो कोड कितीजणांनी तपासला. चूक सापडली नाही. नाव अजूनही येतं. हे सांगताना मोहिनी माझ्याकडे बघत नाही.

त्या दुपारी ती एवढंच म्हणाली,

"नाही सुनीलभाऊ. तुम्ही बरोबर मोजलंत. त्यांचं नाव माझ्या चुकीनं गेलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."