दुकानात ठणठणीत, घरी बंद

नव्याकोऱ्या कॉम्प्युटरने पहिल्याच आठवड्यात मान टाकली, आणि ती तणतणत दुकानाच्या दुरुस्ती काउंटरवर जाऊन उभी राहिली. पलीकडच्या तरुणाने वायरी जोडल्या, बटण दाबलं... कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा सुरू झाला.

"घरी बंद पडतो हो! अगदी शपथेवर सांगते."

"रुसला असेल तुमच्यावर," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "ठेवून जा. बघतो कुठे दुखतंय त्याला."

संध्याकाळी ती आली, तर कॉम्प्युटर दिवसभरात एकदाही बंद पडला नव्हता. बेचैन होता तो दुरुस्तीवाला. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हा तिचा व्यवसाय. आवाज तपासायला तिच्याच परवानगीने त्याने एक फाइल लावली होती. गोष्टीतली म्हातारी बंद खोलीचं कुलूप उघडते आणि – नेमकं तिथेच रेकॉर्डिंग तुटलं होतं.

"खोलीत काय होतं?" त्याने विचारलं.

"आधी हा नीट करा. मग सांगते."

घरी नेला की बंद, दुकानात आणला की ठणठणीत. दोघांच्या भेटी मात्र वाढत चालल्या. "बदलून का नाही मागत गं?" वहिनीने डोळे मिचकावत विचारलं. "की दुरुस्तीवाला हातचा जाईल?" तिने वहिनीला उशी फेकून मारली, पण कान लाल झालेच. प्रकाशकाचे फोनवर फोन येत होते, आणि हिला धास्ती कसली, तर कॉम्प्युटर बरा झाला की या फेऱ्या संपणार याची!

शेवटी तोच म्हणाला, "दुखणं घरात आहे. घरीच येऊन बघतो."

आला. स्टूल ओढून बसला. "रोज करता तस्संच करा. मी इथे नाहीच असं समजा."

"ते... जरा अवघड आहे," ती पुटपुटली.

तिने खिडक्या लावल्या, घोटभर पाणी घेतलं. मग कपाटातून जुन्या रजईचं शिवलेलं जाडजूड कव्हर काढलं, कॉम्प्युटरच्या डब्यावर वरपासून खालपर्यंत चढवलं आणि नाड्या करकचून बांधल्या.

"हे काय?"

"आतल्या पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते ना..."

हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, जीव गुदमरतोय त्याचा! तापला की तो आपला आपण बंद होतो. दुकानात बोलला का नाहीत?"

"रजई गुंडाळून कोण आणतं दुकानात?" म्हणत तिने तोंड लपवलं.

त्याने लांब वायरी जोडून डबा दाराबाहेर ठेवला. खोली इतकी शांत झाली की दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येऊ लागला. ती वाचू लागली. म्हातारीच्या खोलीत नुसती एक रिकामी खुर्ची निघाली. तो हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होता. तिने दोनदा नजर वर केली आणि दोन्ही वेळा तिची ओळ चुकली.

थोड्या वेळाने तिचा फोन वाजला.

"दुकानाकडून काम झाल्याचा कोड आला असेल," तो म्हणाला. "तो सांगितलात की तक्रार मिटते."

"आणि नाही सांगितला तर?"

"तर... मला परत यावं लागतं." हे तो जरा जास्तच आशेने म्हणाला.

तिने फोनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं – आणि सगळे आकडे खणखणीत वाचून टाकले. त्याचा चेहरा उतरला. कोड टाकून त्याने बॅगेची चेन ओढली.

"झालं मग... निघतो."

"उद्या या."

"हो, काही बिघडलं तर नक्की –"

"काही बिघडलेलं नसताना या." तासन्‌तास वाचतानाही न अडखळणारा तिचा आवाज आता कापत होता. "तुम्ही आवडता मला. त्यासाठी दर वेळी कॉम्प्युटर कशाला बंद पडायला हवा?"

बॅग त्याच्या खांद्यावरून घसरली, ती त्याने उचललीसुद्धा नाही.

"उद्या सुट्टी आहे माझी," तो म्हणाला. "सकाळीच आलो तर चालेल?"